वहिनीच्या वतीनं मीच बोलले

वहिनी गेली त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं मी स्वतःला सोयीस्कर करून लिहीन. शाळेत सहामाही परीक्षा चालू होती आणि नववीच्या वर्गावर मी पर्यवेक्षणाला होते. साडेअकराच्या सुमारास शिपाईबाईंनी चिठ्ठी आणून दिली. अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं अक्षर. ‘हिची तब्येत बरी नाही, लगेच घरी ये.’ मी चिठ्ठी वाचली, घडी घालून पर्समध्ये टाकली आणि बाकांमधून फेऱ्या मारत राहिले. पेपर सुटायला चाळीस मिनिटं होती. वहिनीची तब्येत बरी नसणं ही आमच्या घरातली आठ-नऊ वर्षांची जुनी बातमी, तिच्यासाठी कुणी वर्ग सोडून धावत नसे... निदान मी तरी नाही. पेपर सुटल्यावर मी उत्तरपत्रिका मोजल्या, गठ्ठा बांधला, कार्यालयात देऊन सही केली आणि मग भवानी पेठेचा रस्ता धरला. घराला कुलूप होतं. शेजारीण दारातूनच ओरडली, “दवाखान्यात नेलंय वो बाई, रक्ताची उलटी झाली की!”

दवाखान्यात वहिनी खाटेवर होती, चेहरा पांढराफटक. ड्यूटीवरचे डॉक्टर हातात कागद घेऊन अण्णाला विचारत होते, “कुठली औषधं चालू आहेत? अंगदुखीच्या गोळ्या वगैरे?” अण्णानं माझ्याकडे पाहिलं, कारण घरातला औषधांचा कारभार माझ्या हातात. मी ठासून सांगितलं, “काही नाही. दीड वर्ष झालं सगळ्या गोळ्या बंद करून. मी स्वतः बंद केल्यात.” डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. वहिनीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ती शुद्धीवर होती, हळू का होईना बोलू शकत होती. बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, आणि तिच्या त्या नजरेचा अर्थ लावत मी गेले सात आठवडे बसले आहे.

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही. वीस वर्षं शाळेत कॉप्या पकडल्यावर माणसाला सवय लागते. दोन मुलींची चूक एकसारखी आली की मला लगेच वास येतो. एखादीनं आधी एक उत्तर लिहून ते खोडलं आणि दुसरं लिहिलं की मी तिच्या शेजारणीचा पेपर मागवते. उत्तर बदललं की पाणी मुरतंय, हा माझा नियम. शाळेत तो बहुतेक वेळा बरोबर निघाला. घरी मी तोच नियम वहिनीला लावला.

ती अक्कलकोटच्या पलीकडल्या एका खेड्यातली. नाव महादेवी. लग्न होऊन आमच्याकडे सोलापूरला आली तेव्हा मराठी कळायची, पण बोलताना अडखळायची, आणि घाबरली की सरळ कानडीत शिरायची. आमच्या घरातही आजोबांच्या पिढीपर्यंत कानडीच होती. आमच्यापर्यंत येईतो ती भाजी-भाकरी आणि देवपूजेपुरती उरली. अण्णाला दुकानामुळे थोडी जास्त येई. त्याचं सूत आणि रंगाचं दुकान, गिऱ्हाईक कानडी, तेलुगू, सगळ्या बोलीचं. मला मात्र आपल्याला कानडी येते असा उगीचच दिमाख होता. वहिनी मला ‘वन्सं’ म्हणायची, आणि मी शिकलेली, नोकरी करणारी नणंद म्हणून जरा दबकूनच असायची. त्या दबकण्याची मला मजा वाटायची, हेही लिहून टाकते.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिला पहिलं मूल झालं, ते जन्मतःच गेलेलं. त्यानंतर काही महिन्यांनी तिचं दुखणं सुरू झालं. सकाळी उठताना भिंत धरून उठायची. अण्णा दुकान सोडू शकत नव्हता, म्हणून तिला घेऊन धर्मादाय दवाखान्यात मी गेले. डॉक्टर पुण्याकडले, कानडीचा गंध नाही. त्यांनी विचारलं, “काय होतंय?” वहिनीनं पदर तोंडाशी नेला आणि पुटपुटली, “मैकै नोवु री...” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नोवु म्हणजे दुखणं हे मला ठाऊक होतं. कै म्हणजे हात, हेही पक्कं ठाऊक होतं. आधीचं ‘मै’ तिच्या पदरात विरलं की मीच त्याच्याकडे कानाडोळा केला, आता सांगता येत नाही. मी म्हटलं, “हात दुखतात म्हणते.” केसपेपरवर डॉक्टरांनी हात लिहिलं. मग हातांचा एक्स-रे काढायचा ठरला. त्यासाठी काचेच्या बांगड्या उतरवायला तिची तयारी होईना, तेव्हा मी साबण लावून एकेक काढली आणि तिचे हात एक्स-रेच्या प्लेटवर पालथे ठेवले. फोटो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, “हातांत काहीही नाही. चोळायला तेल देतो.” टांग्यात बसल्यावर मी तिला म्हटलं, “ऐकलंस ना? काहीही नाही.” ती गप्प बसली.

तिथून माझा संशय सुरू झाला. कागदावर हात होते, आणि ही बाई कधी पाठीला हात लावून बसायची, कधी मांड्या दाबायची, कधी मान वळवता येत नाही म्हणायची. काल खांदा, आज कंबर. मला वाटलं, हिला आपलंच पहिलं उत्तर आठवत नाही. मी तिच्यावर पाळत ठेवू लागले. शेजारच्या घरी लग्न होतं तेव्हा तिनं तिथल्या बायकांबरोबर हसत-खिदळत ढीगभर भाकऱ्या थापल्या, मी दारातून बघत होते. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठेना. मी चहाचा कप तिच्या उशाशी आदळलाच. “काल बरी होतीस की! दुसऱ्याच्या घरी हात चालतात आणि आपल्या घरी दुखतात होय?” ती म्हणाली, “वन्सं, काल केलं म्हणून तर आज लई दुखतंय. मी खोटं बोलत न्हाय वो.” खोटं बोलणारी प्रत्येक मुलगी मला हेच वाक्य सांगत आली होती, त्यामुळे त्याचा माझ्यावर काही परिणाम झाला नाही.

दुखण्याचं कारण मात्र ज्यानं त्यानं आपापलं शोधून ठेवलं होतं. शेजारीण म्हणायची बाळंतवात, मूल गेलं, अंगाला शेक मिळाला नाही, वारं शिरलं. वहिनीची आई आली की मीठ-मोहरी ओवाळायची, तिच्या मते ही सरळ दृष्ट. अण्णा स्वतःला बोल लावायचा. दुष्काळाच्या साली नळाला पाणी नव्हतं तेव्हा वहिनीनं लांबून घागरी आणल्या, त्यात तिची हाडं खिळखिळी झाली असं त्याला वाटे. कधी त्याला दुकानातल्या रंगांची शंका यायची. त्याच्या कपड्यांवरून ती भुकटी घरात येते, ती झटकताना हिच्या पोटात जाते, असं म्हणून तो काही दिवस ओसरीवरच कपडे बदलत होता. मी कुणाचंच कारण मानलं नाही, कारण मुळात दुखणंच मानलं नव्हतं. एकदा वहिनी मला म्हणाली होती, “औषध नसंल तर नसू दे वन्सं. निस्तं व्हय म्हणा, दुखतंय म्हणून.” मी म्हटलं, “दुखत नसताना मी कशाला म्हणू?”

मग अण्णानं कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला पेठेतल्याच एका डॉक्टरकडे नेलं. तिथे प्रिस्क्रिप्शन वगैरे भानगड नव्हती. कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या मिळायच्या, नाव-गाव काही नाही. आणि चमत्कार झाला. आठवड्याच्या आत वहिनी तडक उठून कामाला लागली. शेंगापोळ्या केल्या, माळा झाडला, माझ्या साड्यांना खळ घातली. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चार-सहा महिन्यांत तिचं तोंड भाकरीसारखं गोल झालं. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, आता कशी बाळसेदार दिसते, सोलापूरचं पाणी मानवलं एकदाचं! वहिनी लाजायची. मला मात्र ते बाळसं बघवेना. तोंड भरत होतं आणि हातपाय तसेच काटक्या. पहाटे उठून शिळी भाकरी खायची, इतकी भूक. दाराच्या कडीला दंड घासला तरी त्यावर काळानिळा डाग उठायचा. इतकी वर्षं जो संशय मी तिच्यावर घेत होते, तो आता त्या पुडीकडे वळला, आणि खरं सांगायचं तर त्याला नवीन जागा मिळाल्याचा मला आनंदच झाला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी औषधांच्या दुकानात बसायची. तिच्याकडे मी एक गोळी घेऊन गेले. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “बाई, नुसती बघून छातीठोक सांगता येणार नाही. पण तोंड सुजतंय, भूक वाढलीय म्हणता, तर ही कॉर्टिसोनच्या जातीची, स्टेरॉइड असावी. कुणाला देताय? फार दिवस नका देऊ.” मी तिथून थेट त्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “पेशंट कुरकुर करत नाही, तुमची का कुरकुर? बाई, तुम्ही शाळा शिकवा.” घरी येऊन मी थयथयाट केला. वहिनी पहिल्यांदाच मला उलटून बोलली. “इतकी वर्सं दुखतंय म्हणत हुते, तवा तुमी म्हणला खोटं. आता दुखत न्हाय तर ते बी खोटं म्हणताय. मी काय करावं, तेवडं सांगा की!”

आणि त्या हिवाळ्यात ती गोष्ट घडली. शाळेच्या क्रीडामहोत्सवाचे तीन दिवस उन्हात उभं राहून आमच्या इतिहासाच्या हिरेमठ बाई शिक्षकखोलीत खुर्चीत कोसळल्या आणि म्हणाल्या, “अय्यो, मैकै नोवु!” मी सहज विचारलं, “हात का दुखतायत? तुम्ही तर नुसत्या शिट्ट्या वाजवत होतात.” त्या हसायला लागल्या. “हात कुठले हो! मैकै म्हणजे सगळं अंग. डोक्यापासून पायापर्यंत.” मी म्हटलं, “कै म्हणजे हात ना?” तर म्हणाल्या, “कै म्हणजे हात, बरोबर. पण बाई, तुम्ही मराठीत हातपाय गळाले म्हणता, तेव्हा काय नुसते हात नि पाय गळून पडतात?” सगळ्या जणी हसल्या. मीही हसले बहुतेक. पुढच्या तासाला मी वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि काय शिकवायचं तेच मला आठवेना. वहिनीनं उत्तर कधी बदललंच नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं सगळं अंग सांगितलं होतं, आणि त्यातले दोन हात तेवढे मी उतरवून घेतले होते.

हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. आठ दिवस सांगितलं नाही. नवव्या दिवशी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात एका नव्यानं आलेल्या तरुण डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वहिनीला विचारलं, “काय त्रास होतो?” आणि सवयीनं मी तोंड उघडलं. ते म्हणाले, “तुम्ही नाही. त्यांना सांगू द्या.” वहिनी माझ्याकडे बघत राहिली, जणू परवानगी मागत होती. मग सांगायला लागली. अर्धं मराठी, अर्धं कानडी, डॉक्टरांनी एका कानडी नर्सला बोलावून घेतलं. वहिनी कितीतरी वेळ बोलत होती. झोप लागत नाही, लागली तरी सकाळी अंग दगडानं ठेचल्यासारखं होतं, पदर खांद्यावर नकोसा होतो, कुणी प्रेमानं पाठीवर हात ठेवला तरी कळ येते... यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते. मग डॉक्टरांनी बोटानं तिच्या मानेखाली दाबलं, ती विव्हळली. खांद्यावर, कोपराशी, कुल्ल्यावर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, प्रत्येक जागी ती विव्हळली. मधेच मुद्दाम ते भलत्याच ठिकाणी दाबत, तिथे ती गप्प राहायची. ते काय करतायत हे मला लगेच कळलं, तो माझाच धंदा. ती परीक्षेत पास झाली.

ते म्हणाले, याला फायब्रोसायटिस म्हणतात. फोटोत दिसत नाही, रक्तात दिसत नाही, म्हणून पुष्कळ डॉक्टरसुद्धा याला ढोंग म्हणतात. मी कारण विचारलं. अण्णाचे रंग, दुष्काळातल्या घागरी, बाळंतवात, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. ते म्हणाले, “मला माहीत नाही, आणि माहीत आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कुणाला ताप येऊन गेल्यावर लागतं, कुणाला पडल्यावर, कुणाला एखाद्या दुःखानंतर. झोप बिघडली म्हणून अंग दुखतं की अंग दुखतं म्हणून झोप बिघडते, हेही आम्हाला धड सांगता येत नाही. कुणाला तर कशाशिवायच लागतं.” पांढरी गोळी मात्र त्यांनी ओळखली. या दुखण्याला ती कामाची नाही, नुसतं बरं वाटायला लावते आणि आतून पोखरते, म्हणाले. पण एकदम बंद केलीत तर जिवावर बेतेल, थोडी थोडी कमी करत जा. वहिनीनं विचारलं, “मग दुखाय लागल्यावर?” ते म्हणाले, “अगदीच असह्य झालं तर साधी वेदनेची गोळी, पण भरल्या पोटी, आणि मला सांगून. बाकी शेक, थोडं चालणं, झोप.” बाहेर आल्यावर टांग्यात मी तिला पहिल्या दिवसाची चूक सांगून टाकली. मला वाटलं ती रडेल, चिडेल. ती बाहेर बघत म्हणाली, “मला तवाच कळलं हुतं वन्सं, तुमी हात म्हणला ते. पर तुमी शिकलेल्या. मला वाटलं, डाक्टरला असंच सांगायचं असतंय.”

मी तिचा हात धरला, लगेच सोडला. दाबलेला दुखेल अशी भीती वाटली. तिथपर्यंत तरी मला अक्कल आली होती.

यानंतर मी शहाणी झाले असं लिहायला मला आवडलं असतं. झालं उलटंच. पापक्षालन करायचं म्हणून मी तिच्या गोळ्यांची पहारेकरीण झाले. पांढऱ्या गोळ्या माझ्या कपाटात, रोज किती द्यायची ते डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाप्रमाणे मी मोजून द्यायची. चार-पाच महिन्यांत त्या सुटल्या. तोंडाची सूज उतरली आणि दुखणं परत आलं, आधीपेक्षा जोरात. डॉक्टरांनी साध्या गोळीची मुभा दिली होती, तीही मी बंद केली. एकदा फसलेली मी, आता प्रत्येक गोळी मला त्या पुडीतली वाटायची. तिच्या माहेरून कुणी चूर्ण आणलं की मी ते नळाखाली ओतायची. तिला ढेकर आला, चक्कर आली की मी डोळे वटारून विचारायची, “काही घेतलंस का?” ती म्हणायची, “न्हाय वो.” दुखतंय का, हे मात्र मी विचारत नव्हते. दुखतंय म्हणाली तर गोळी द्यावी लागेल! आधी मी तिच्या दुखण्यावर संशय घेतला, मग औषधावर. बाईकडे बघायचं दोन्ही वेळा राहून गेलं.

दिवसकार्याला तिची धाकटी बहीण नीलव्वा आली होती. सगळे पांगल्यावर ती परसदारी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “बाई, तुमाला सांगू का नगं, कळंना झालंय. अक्काला मीच गोळ्या पाठवत हुते, दुखण्याच्या. वरीस झालं असंल. ती म्हनायची, वन्सं लई काळजी करत्यात, त्यास्नी कळू दिऊ नगं. पहाटं तुमी उठायच्या आत घ्यायची.” मी विचारलं, “काही खाऊन?” ती म्हणाली, “तवा कुटलं खाणं? चूल पेटवली की तुमी जाग्या होणार.” रोज पहाटे, उपाशी पोटी, माझ्या धाकानं. आणि दवाखान्यात त्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि तिच्या वतीनं मी उत्तर दिलं होतं, काही नाही.

मी त्या तरुण डॉक्टरांना जाऊन भेटले. विचारलं, मी खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का. ते कागदावर रेघा ओढत म्हणाले, “उपाशी पोटी रोज घेतलेल्या गोळ्यांनी जठराला जखम होऊ शकते, रक्त जाऊ शकतं. आधी कळलं असतं तर आमचा विचार त्या दिशेनं लवकर गेला असता. वाचल्या असत्या का... नाही सांगता येत बाई.” मला त्यांचाही संशय आला. वाटलं, मला बरं वाटावं म्हणून हा मुलगा ठाम बोलत नाही. वर आणि एक संशय आहे, तो मी अण्णालाही सांगितलेला नाही. वहिनी शुद्धीवर होती. ‘घेते मी गोळ्या’ एवढे तीन शब्द तिला बोलता येत होते. मग का बोलली नाही? मला घाबरली? की चार माणसांत, डॉक्टरांसमोर मी खोटी पडू नये म्हणून गप्प बसली? पहिल्या दिवशी हात म्हटलं तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती. माझ्या चुकीच्या उत्तरावर तिनं दोन्ही वेळा लाल रेघ ओढली नाही.

आता स्वयंपाक मी करते. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी सकाळच्या चहापुरती जायची, तेवढीच. पहिल्या आठवड्यात मला नुसता वैताग आला. वरची लांब फळी अख्खी रिकामी, तिच्यावर बोटभर धूळ, आणि सगळे डबे, बरण्या, तवा, परात खाली दाटीवाटीनं. मोठी पातेली माळ्यावर, आणि भात दोन लहान पातेल्यांत करायची रीत. मी पदर खोचला, फळी पुसली आणि डबे वर लावायला घेतले. हात वर केला, आणि मग थांबले. कमरेपासून छातीपर्यंत, खांदा न उचलता जिथपर्यंत हात पोचतो, तेवढ्याच पट्ट्यात तिचा संसार होता. उचलायला जड पडेल असं एकही भांडं तिथं नव्हतं. नऊ वर्षं मी पुरावा शोधत होते आणि तो रोज माझ्या समोर, चहाच्या कपाच्या बाजूला होता.

साखरेची बरणी उचलली तर तिचं झाकण नुसतं वर टेकवलेलं. चहाच्या डब्याचंही तसंच, मिठाचंही, हळदीचंही. हे मात्र मला आठवत होतं. निष्काळजी बाई, मुंग्या होतील म्हणून रोज शाळेला निघताना ही सगळी झाकणं मी स्वतः फिरवून घट्ट लावून जायची, पार करकचून, आणि संध्याकाळी परत सैल दिसली की चडफडायची. मी गेल्यावर दर सकाळी ती एकेक झाकण कशी उघडत असेल... मी तिथेच जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, “व्हय वहिनी. दुखतंय.”

डबे मी परत खाली ठेवले. परवा साखरेला मुंग्या लागल्या. अण्णानं बरणी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “झाकण लावत नाहीस होय गं?” मी मुंग्या पाखडून काढल्या, साखर परत भरली आणि झाकण नुसतं वर ठेवलं.